तीस नावं आणि मागच्या खोलीची खिडकी

चादर अर्धीच दोरीवर गेली होती. दुसरं टोक चुंबकमामांच्या खांद्यावर, तोंडात दोन चिमटे, पायाशी ओल्या कपड्यांची बादली, आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला. ताईचा फोन. थोरल्या बहिणीचा फोन मामांनी आयुष्यात कधी वाजत ठेवला नव्हता, तो आज तरी कसा ठेवणार?

"अरे, ऐकतोयस ना? आजच ये. चार वाजता घराच्या किल्ल्या द्यायच्यात नव्या माणसांना. खिडक्यांवरचं ते अलार्मचं सगळं काढून द्या म्हणालेत, त्यांना रंग लावायचाय."

"अं."

"तोंडात काय आहे तुझ्या?"

"चिमते."

"काढ आधी. आणि हे बघ, मला न्यायला माझा धाकटा येतोय. एकपर्यंत पोचेल म्हणाला."

चिमटे काढायची गरजच पडली नाही. ते आपले आपणच खाली पडले.

मामी दारात उभी राहून सगळं बघत होती. नवऱ्याचा चेहरा वाचायला तिला चष्मा लागत नसे. "काय हो, कोण येतंय?"

"धाकटा."

मामी दोन क्षण गप्प बसली. असं वर्षातून एखाद्या वेळीच होई. मग म्हणाली, "मग? आता काय करणार? कपाटात लपणार?"

"लपायचं काय त्यात? दहाला जातो, बाराच्या आत अकरा खिडक्या मोकळ्या करतो आणि येतो."

"म्हणजे पळणारच. अहो, अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत दगडाला पाझर फुटतो, तुमच्या तोंडाला शब्द फुटेना?"

मामांनी कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी उचलली, मामीचा केस वाळवायचा ड्रायर न विचारता तीत टाकला आणि निघाले. चादर खांद्यावरून घसरून बादलीत पडली, तिचीही त्यांना शुद्ध नव्हती.

आता हे चुंबकमामा कोण, ते आधी सांगायला हवं. गल्लीतल्या सगळ्यांचे ते मामा. मुळात ताईच्या मुलांचे. पण मुलं मामा म्हणाली तशी त्यांचे मित्र म्हणाले, मित्रांच्या आया म्हणाल्या, आणि शेवटी पोस्टमनसुद्धा म्हणू लागला. चुंबक पुढे लागलं ते धंद्यामुळे. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरच्या खिडक्यांना अलार्मचे सेन्सर लावले. खिशात कायम एखादं चुंबक. त्याला कधी किल्ली चिकटलेली, कधी चमचा, एकदा तर डॉक्टरांच्या टेबलावरची कात्री. डॉक्टर म्हणाले, "मामा, तपासणी झाली, आता माझी कात्री द्या."

काम त्यांना शिकवलं एका म्हाताऱ्या घड्याळजीने. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. घड्याळं मनगटावरून उतरू लागली तसा उस्ताद अलार्मकडे वळला आणि मामांना बरोबर घेऊन गेला. उस्ताद म्हणायचा, घड्याळाने वेळ राखायची आणि ह्याने घर, दोन्हीकडे केसाएवढी चूक चालत नाही.

सेन्सर म्हणजे काय, ते मामा गिऱ्हाइकाला असं समजावत: "दोन डब्या असतात. मोठी असते ती बहीण, ती चौकटीवर बसते, तिची वायर भिंतीवरच्या पेटीपर्यंत जाते. छोटी असते तो भाऊ, तो खिडकीच्या झडपेवर. त्याच्या पोटात चुंबक. दोघांत बोटभरापेक्षा जास्त अंतर नको. शेजारी शेजारी आहेत तोवर घर गप्प. झडप उघडली, भाऊ लांब गेला, की बहिणीने बोंब मारलीच म्हणून समजा." बायका हसायच्या, पुरुष मान डोलवायचे, आणि सगळ्यांना कळायचं.

लावायची रीतही त्यांची स्वतःची होती. आधी चौकट कोरड्या फडक्याने पुसायची, मग स्पिरिटने, मग तिला हात न लावता वाळू द्यायचं. मग दोन्हीकडून चिकटणारी टेप डबीच्या पाठीला लावून डबी जागेवर दाबून धरायची. कागदावर लिहिलेलं असतं, तीस सेकंद दाबा. मामा सेकंद मोजत नसत. डोळे मिटून तीस वेळा देवाचं नाव घ्यायचे. कोणी घाई केली तर म्हणायचे, "सेकंद पळतात हो, नाव पळत नाही." आणि खरंच, त्यांनी लावलेली डबी कधी निखळली असं कोणी सांगितलं नाही.

आणखी एक नेम होता. वर्षातून एकदा जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन प्रत्येक खिडकी स्वतः उघडून बघायची, पेटी वाजते का ते ऐकायचं, मगच वहीत 'ठीक' लिहायचं. न उघडता तपासलेली खिडकी म्हणजे न वाचता सही केलेला कागद, हे उस्तादाचं वाक्य. ते मामांनी तीस वर्षं पाळलं. एक खिडकी सोडून.

ती खिडकी ताईच्या घरातली. मागच्या खोलीची.

ताई मामांपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मामा सहा वर्षांचे होते. तेव्हापासून त्यांच्या शर्टाची बटणं ताईने लावली, शाळेत ताईने सोडलं, ताप आला की उशाशी ताई बसली. लग्नानंतर ती घरीच शिवणकाम करायची. मागच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन, भोवती चिंध्या, रिळं आणि जमिनीवर टाचण्याच टाचण्या. मुलांच्या पायात त्या टोचायच्या म्हणून मामांनीच तिला एक चपटं चुंबक आणून दिलं होतं, पेढ्याएवढं. ते जमिनीवरून फिरवलं की टाचण्या पटापट उडून चिकटायच्या. ताई लहान मुलीसारखी हसली होती तेव्हा.

तिचा धाकटा मुलगा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या एका टोळीत ड्रम वाजवायचा. बाविशीचा पोरगा. कार्यक्रम संपवून घरी यायला उशीर व्हायचा. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, शिस्तीचे. दहा म्हणजे दहा. दहाला दाराला आतून कुलूप, मग बाहेर राजा असो की रंक. धाकटा मागच्या खोलीच्या खिडकीतून आत यायचा. आईचं मशीन ओलांडून, चपला हातात घेऊन. हे एक दिवस भावोजींना कळलं. त्याच आठवड्यात गल्लीत कुणाकडे तरी चोरी झाली. भावोजींनी मामांना बोलावून घेतलं. "सगळ्या खिडक्यांना लावून टाक. चोरांचं काही सांगता येत नाही."

चोर कोण, ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

मामा नाही म्हणू शकले असते. पण भावोजींनी त्यांना धंद्याच्या सुरुवातीला चार गिऱ्हाइकं मिळवून दिली होती, जेवूखाऊ घातलं होतं, त्यांच्यापुढे मामांची जीभ उचलत नसे. दहा खिडक्यांना डब्या लावल्या. अकरावी मागची. डबी दाबून धरली, तीस नावं घेतली, हात काढला. डबी टपकन खाली. चौकट ओलसर होती. पुन्हा पुसली, पुन्हा तीस नावं, पुन्हा टपकन. दोनदा देवाने सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा मामांनी स्क्रू मारले.

दारात धाकटा उभा होता. तो एवढंच म्हणाला, "मामा, इथेपण?"

मामांनी मान वर केली नाही. पाच महिन्यांनी धाकटा दूरच्या शहरात नोकरीला निघून गेला. त्यानंतर आला तो वडील गेले तेव्हा आणि मधून चार-दोन वेळा. मामा दिसले की 'बरे आहात ना' आणि 'हो'. एके काळी मामाच्या खांद्यावर बसून गावभर हिंडलेला पोर त्यांना 'आहात' म्हणू लागला, हे मामांना काट्यासारखं सलायचं. सगळ्यात जास्त सलायचं ते हे, की देवाचं नाव घेऊन आपण पोराची घरी यायची वाट बंद केली. प्रार्थनेला बसलं की हीच खिडकी डोळ्यांपुढे यायची. म्हणून वर्षाच्या तपासणीला ताईकडे गेले की दहा खिडक्या उघडून बघायचे आणि अकराव्यापुढे 'ठीक' लिहून मोकळे व्हायचे. त्या कडीला हात लावायचा धीर झाला नाही.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मामा ताईच्या घरी पोचले तेव्हा सव्वादहा झाले होते.

घर निम्मं रिकामं झालं होतं. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. खोकी दोरीने बांधून दाराशी लावलेली. ताई एका खोक्यावर बसून दुसऱ्या खोक्यावर नाव लिहीत होती.

"आलास? खाल्लंस का काही?"

"खाल्लं."

"खोटं बोलतोस. तिथे डब्यात ब्रेड आहे, आधी खा, मग हात लाव कामाला."

एकोणऐंशीच्या बहिणीपुढे अडुसष्टचा भाऊ मुकाट्याने ब्रेड खाऊ लागला. मग उठून पेटीपाशी गेला. काढायचीही एक रीत असते. आधी पेटी चाचणीवर टाकायची, म्हणजे डबीला हात लागला तरी सायरन ओरडत नाही, नुसती 'टिंग' अशी घंटी होते. मग काढण्याआधी प्रत्येक खिडकी एकदा उघडून ती टिंग ऐकायची. उस्ताद म्हणायचा, जिवंत आहे का ते बघ आणि मग निरोप दे. मग ड्रायरची गरम हवा डबीवर धरायची, टेपचा गोंद मऊ पडू द्यायचा, आणि डबीच्या पाठीमागून बळकट दोरा करवतीसारखा पुढे-मागे ओढायचा. डबी उचकटायची नाही. उचकटली की रंगाचा पापुद्रा घेऊन येते.

"दोरा आणलायस?" ताईने विचारलं.

"आणलाय."

"बघू. हा? ह्याने लोणीसुद्धा कापलं जाणार नाही. थांब." तिने बांधलेलं खोकं सोडलं, तळातून बटणाच्या दोऱ्याचं रीळ काढलं आणि दाताने हातभर तोडून दिला. मग स्वतः एक टोक धरून समोर उभी राहिली. "चल. मी ओढते, तू सोड. तू ओढ, मी सोडते."

पहिली खिडकी उघडली. टिंग. ड्रायर चालला, दोरा पुढे-मागे गेला, डबी अलगद हातात आली. तिच्या खाली काड्यापेटीएवढा निळा तुकडा. बाकी चौकट पांढरी. मधल्या काळात घराला पांढरा रंग लागला होता, पण रंगाऱ्याने डब्या न काढता त्यांच्याभोवती कुंचला फिरवला होता.

"अगंबाई," ताई म्हणाली, आणि त्या निळ्या तुकड्यावर बोट ठेवून उभी राहिली. "हा निळा मी निवडला होता. ह्यांनी नाक मुरडलं होतं, घर आहे की तलाव, म्हणून."

"आणि मग महिन्याभराने गल्लीतल्या तिघांनी तोच लावला."

"तेव्हा हे सांगत फिरले, निवड माझी होती!"

दोघं हसली. ताईने बोटाला खायचं तेल घेऊन उरलेला गोंद चोळून काढला आणि निळा तुकडा पुसून लख्ख केला. दुसरी खिडकी, टिंग. तिसरी, टिंग. प्रत्येक डबीखाली तो जुना निळा तसाच्या तसा, जसा काही काल लावलेला. बैठकीच्या खोलीत ताईला आठवलं, इथे तू दहावीचा अभ्यास करायचास आणि पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचास. स्वयंपाकघरात मामांना आठवलं, इथे तू मला पहिल्यांदा चहा करायला शिकवलास आणि मी मीठ घातलं.

"आणि ह्यांनी तो चहा संपवला," ताई म्हणाली. "एक शब्द बोलले नाहीत. शिस्तीचे होते, पण मन मोडायचे नाहीत रे कुणाचं मुद्दाम."

मामांनी दहावी डबी पिशवीत टाकली. घड्याळात पावणेबारा. दहा खिडक्या झाल्या होत्या, दहा टिंग झाल्या होत्या. उरली एक. तासाभरात धाकटा येणार. हात चालवला तर जाता येईल.

"मागची राहू दे," ताई एकदम म्हणाली.

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे तशीच दे त्यांना. एक राहिली तर काय मोठंसं? ती स्क्रूची आहे, उगाच भोकं पडतील."

"ताई, दहा काढायच्या आणि एक सोडायची? लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं."

"म्हणू देत की! तू चहा घे." आणि ती लगबगीने स्वयंपाकघरात गेली. ताई लगबगीने गेली की तिच्या मनात काहीतरी असतं, हे मामांना लहानपणापासून ठाऊक. पण त्यांना वाटलं, तिलाही ती खिडकी बघवत नसेल. आपल्यासारखीच.

मागच्या खोलीत मशीन आधीच उचललं होतं. जमिनीवर त्याच्या चार पायांच्या खुणा. मामांनी स्क्रू ड्रायव्हर काढला, खिडकीपुढे उभे राहिले, आणि मग थबकले. जिवंत आहे का ते बघ आणि मग निरोप दे. अठरा वर्षं चुकवलं ते आज तरी करायला हवं. मनात देवाचं नाव घेतलं, कडी काढली आणि झडप बाहेर ढकलली.

काही नाही.

त्यांना वाटलं, कानाची चूक. झडप लावली, पुन्हा उघडली. पार भिंतीला टेकेपर्यंत. पेटी मुकी.

जी खिडकी देवाचं नाव घेऊन, पोराचं मन मोडून बंद केली, ती चाललीच नव्हती? मग राखण तरी कसली केली आपण? ताई एकटी ह्या घरात झोपायची, निर्धास्त, माझ्या भावाने लावलंय म्हणून, आणि मी वहीत अठरा वेळा 'ठीक' लिहिलं? पोरही गेलं आणि घरही उघडं राहिलं?

ते वाकून बघू लागले. वायर शाबूत. स्क्रू घट्ट. आणि मग दिसलं. मोठ्या डबीच्या दुसऱ्या बाजूला, पडद्याच्या आड, पांढऱ्या रंगाखाली एक गोल उंचवटा. पेढ्याएवढा. नखाने रंग खरवडला तर खाली शिवणाच्या पट्टीचा तुकडा, नीट दुमडून चिकटवलेला. पट्टी सोलली आणि चपटं चुंबक मामांच्या तळहातावर पडलं. त्या क्षणी दुसऱ्या खोलीतल्या पेटीतून आवाज आला: टिंग.

म्हणजे बहीण ठणठणीत होती. भाऊ कितीही लांब गेला तरी तिला तो शेजारीच आहे असं वाटत होतं, कारण तिच्या कुशीला कायमचं दुसरं चुंबक होतं.

हे चुंबक मामांनी ओळखलं. त्यांनीच तर आणून दिलं होतं. अलार्म लावल्यावर चार दिवसांनी ताई म्हणाली होती, "अरे, ते टाचण्यांचं चुंबक हरवलं बघ, दुसरं दे." आणि मामा तिला ओरडले होते, वस्तू जपत नाहीस म्हणून! घराला रंग लागला तेव्हाही मागची खोली तिने रंगाऱ्याला दाखवली नव्हती. लोकांचे कपडे पडलेत म्हणाली आणि स्वतः कुंचला घेऊन बसली.

"ती कधीच वाजली नाही, मामा."

मामा गर्रकन वळले. दारात धाकटा उभा होता. कानाजवळचे केस पांढरे झालेला, थोडा सुटलेला, हातात गाडीची किल्ली. एक वाजायला अजून अवकाश होता. मामांना पळायचं तर सोडाच, हलायलाही जागा नव्हती.

"तू... तुला माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार? तू लावून गेलास, त्यानंतर तिसऱ्याच दिवशी आई म्हणाली, खिडकीची कडी काढून ठेवलीय, ये नेहमीसारखा. मी म्हटलं, अगं, बोंबलेल ती. आई म्हणाली, नाही बोंबलत, मी तिची समजूत घातलीय. पाच महिने रोज आलो मी इथून."

"रोज?"

"कार्यक्रम असेल तेव्हा. एकदा ड्रमसकट."

मामा खिडकीच्या कट्ट्यावर बसले. "मग तू गेलास का?"

"नोकरी लागली म्हणून! आणि बाबांशी पटत नव्हतं म्हणून. पण सकाळी नऊ वाजता गेलो, पुढच्या दाराने, दोन बॅगा घेऊन. खिडकीवर कशाला आळ घेतोस?"

"मग माझ्याशी बोलणं का टाकलंस? आहात आणि नाहीत करायला लागलास. मी काय परका होतो?"

"मी टाकलं?" धाकट्याचा आवाज चढला. "तू टाकलंस! मी गेलो तेव्हा निरोप द्यायलासुद्धा आला नाहीस. मला वाटलं तुला कळलं. तुझं काम आम्ही दोघांनी फसवलं, त्याचा तुला राग आला. तीस वर्षांत एक डबी निखळली नाही म्हणणारा माणूस तू. आईने तर मला शपथ घातली होती, मामाला सांगू नकोस, त्याची मान खाली जाईल."

"आणि मला वाटत होतं..." पुढचं वाक्य त्यांनी प्रार्थनेला बसल्यावर हजारदा म्हटलं होतं, पण माणसापुढे कधी नाही. "मला वाटत होतं, मी तुझी घरी यायची वाट बंद केली. देवाचं नाव घेऊन."

चहाचे तीन कप घेऊन ताई दारात येऊन उभी राहिली. मामांच्या तळहातावरचं चुंबक तिने पाहिलं. मग शांतपणे कप खोक्यावर ठेवले.

"सापडलं वाटतं."

"ताई, हे तू केलंस?"

"मी नाही तर काय शेजारणीने? तूच शिकवलंस. बहीण अशी, भाऊ असा, चुंबक जवळ असलं की घर गप्प. चार वेळा सांगितलंस मला, कौतुकाने. मी शिवणकाम करणारी बाई, मला एवढं नाही कळणार?" ती खाली बसली. "तू तीस वेळा नाव घेतलंस, दोनदा. मी एकदाच घेतलं आणि हे चिकटवलं. म्हटलं, देवा, भावाचं काम मोडत नाही, नुसतं लेकराला येऊ देते."

"आणि मी दर वर्षी तपासायला यायचो तेव्हा?"

"पहिल्या वर्षी माझा जीव नुसता टांगणीला. तू दहाव्या खिडकीवरून वळलास आणि वही मिटलीस. दुसऱ्या वर्षी तेच. तेव्हा कळलं, तुलाही ती बघवत नाही. मग कसं सांगू? सांगितलं तर तुझं काम खोटं, नाही सांगितलं तर तुझं मन जड. मी आपली गप्प बसले. चुकलंच माझं."

चहावर साय धरू लागली.

"बाबांना माहीत होतं?" धाकट्याने विचारलं. हे त्यानेही कधी विचारलं नसावं.

ताई थोडी हसली. "देव जाणे. सकाळी तुझ्या चपला इथे खिडकीखाली दिसायच्या त्यांना. काही बोलायचे नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, मागची कडी रात्री सैल राहते वाटतं, पोराच्या पांघरुणाकडे बघ, गार वारा येतो."

मामांनी डोळे पुसले. पुसता पुसता हातातलं चुंबक चष्म्याच्या काडीला जाऊन चिकटलं. धाकट्याला आधी हसू आलं, मग ताईला, मग मामांनाही.

"दे इकडे," म्हणून ताईने चुंबक काढून घेतलं, ओणवी झाली आणि मशीनच्या पायांच्या खुणांमधून जमिनीवर फिरवू लागली. फटीतून, कोपऱ्यातून, भिंतीच्या कडेने टाचण्या उडू लागल्या. गंजलेल्या, वाकलेल्या, एक लाल डोक्याची, एक हिरव्या. पेढ्याएवढ्या चुंबकाचं पाहता पाहता साळिंदर झालं. "नव्या माणसांची मुलं लहान आहेत," ती म्हणाली, "पायात जायला नकोत."

मामांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला. धाकट्याने न सांगता झडप धरली, हलू नये म्हणून. दोन स्क्रू फिरले, डबी सुटली, वायर आत ओढून गुंडाळली. खाली इथेही तो निळा तुकडा होता, इतरांपेक्षा जरा मळकट, आणि त्यात दोन काळी भोकं.

"आता ही भोकं," मामा म्हणाले.

"राहू दे रे, त्यांना रंग लावायचाच आहे," ताई म्हणाली.

"रंग भोकं बुजवत नाही, ताई. उलट जास्त दिसतात. आणि ओल आत गेली तर चौकट कुजेल. चारला अजून वेळ आहे."

"मामा, मी येतो तुझ्याबरोबर," धाकटा म्हणाला. मघाचं 'तू' बोलण्याच्या भरात आलं होतं, हे 'तुझ्याबरोबर' शांतपणे. मामांनी ते ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. पिशवी खांद्याला लावली.

तेवढ्यात मामीचा फोन. "अहो, माझा ड्रायर नेलात आणि चादर बादलीत टाकून गेलात! आणि काय झालं तिकडे? आला का तो? बोललात का?"

"बोलतोय," मामा म्हणाले. "चादर पुन्हा धुतो मी. थोडा उशीर होईल."

"किती उशीर? आणि आता कुठे निघालात?"

"कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात. पुट्टीचा लहान डबा आणायला."